पीतबिंदू-छिद्र : शस्त्रक्रियेच्या पद्धती

डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) मध्यभागी असलेल्या पीतबिंदूला आरपार पडलेले छिद्र. बहुधा साठीच्या आसपास आढळते, स्त्रियांत जास्त. कडेचे दिसत राहते. पण समोरच्याचा चेहरा, सुईचे नेढे, बसची पाटी नेमकी मधोमध पुसली जाते. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग होत नाही.

वयानुसार डोळ्यातला काचद्रव (आत भरलेला जेलीसारखा पदार्थ) आक्रसतो आणि पडद्यापासून सुटताना पीतबिंदूला ओढतो. त्या ओढीने छिद्र पडते. 1991 साली अमेरिकेत नील केली आणि रॉबर्ट वेंडेल या नेत्रशल्यचिकित्सकांनी काचद्रव काढून (व्हिट्रेक्टमी) डोळ्यात वायू भरला आणि 52 पैकी 30 छिद्रे मिटवली. त्याआधी याला इलाज नाही असेच धरले जाई.

पुढे पडद्यावरची अतिपातळ आंतरत्वचा, म्हणजे ‘आयएलएम’, निळ्या रंगाने रंगवून सोलण्याची पद्धत रूढ झाली. 400 मायक्रोमीटरपर्यंतच्या छिद्रांना ती बहुतेकदा पुरते. दहापैकी नऊ किंवा अधिक मिटतात. त्याहून मोठ्या छिद्रांसाठी पोलंडच्या नेत्रतज्ज्ञ मिखालेव्स्का यांनी 2010 मध्ये वेगळी युक्ती मांडली : त्वचा पुरती न काढता तिचा पदर छिद्रावर उलटा घालायचा. त्यांच्या अभ्यासात 98 टक्के छिद्रे मिटली, नुसते सोलून 88 टक्के. मात्र छिद्र मिटले म्हणजे नजर तितकीच परतली असे नव्हे, आणि लहान छिद्राला हा खटाटोप अनावश्यकच. शस्त्रक्रिया एकदा फसलेल्या छिद्रांसाठी गर्भवेष्टनाचा (गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचा) तुकडा किंवा रुग्णाच्याच पडद्याची कातळी लावतात. हा शेवटचा पर्याय.

पद्धत कोणतीही असो, खरी परीक्षा नंतर. वायूचा बुडबुडा छिद्रावर टेकावा म्हणून काही दिवस मान खाली घालून राहावे लागते. लहान छिद्रांत हा नियम आता बराच सैल झाला आहे. डोळ्यात भरायच्या वायूंपैकी एसएफ6 (सल्फर हेक्साफ्लोराइड) साधारण दोन आठवड्यांत विरतो, सी3एफ8 (परफ्लुओरोप्रोपेन) सहा ते आठ आठवडे टिकतो.

नाशिककरांच्या दृष्टीने यात एक खाचखळगा आहे. मुंबईत शस्त्रक्रिया करून कसारा घाट चढून घरी येताना सुमारे 600 मीटर उंची गाठली जाते. हवेचा दाब घटतो, डोळ्यातला वायू अंदाजे सात टक्के फुगू पाहतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो. म्हणून परतीची तारीख सर्जनलाच विचारावी. सप्तशृंगी गडाचे दर्शनही तूर्त लांबणीवर टाकावे. विमान तर वर्ज्यच. पुढे दुसऱ्या कोणत्या शस्त्रक्रियेसाठी भूल घ्यायची वेळ आली, तर डोळ्यात वायू आहे हे आधी सांगावे, कारण भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूनेही तो फुगतो. वायू ओसरू लागला की नजरेत पाण्याच्या पातळीसारखी हलती रेघ दिसते आणि दिवसागणिक खाली उतरत जाते.