मॅक्स टच ते व्ही : एका मोबाइल कंपनीची पाच नावं

मुंबईत १९९५ साली ‘मॅक्स टच’चं कार्ड घेतलेल्या आणि कंपनी कधीच न बदललेल्या ग्राहकाच्या बिलावर आजवर पाच नावं येऊन गेली: मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि व्ही. नाव बदललं की जाहिरातवाल्यांचं कौतुक होतं, पण या बहुतेक बदलांमागे मालकीची उलथापालथ होती.

‘ऑरेंज’ हा हाँगकाँगच्या हचिसनने १९९४ साली ब्रिटनमध्ये आणलेला ब्रँड. मुंबईत हचिसनचीच भागीदारी असलेल्या मॅक्स टचवर तो २००० साली आला, तोवर हचिसनने ब्रिटनमधली ऑरेंज कंपनी विकलीही होती. गंमत म्हणजे काही काळ ती व्होडाफोनच्याच हातात होती आणि तिथून फ्रान्स टेलिकॉमकडे गेली. दुसऱ्याच्या नावावर इथे फार काळ धंदा करणं अवघडच होतं. पुढे मुंबईतही ‘हच’ आलं आणि नारिंगी रंगाच्या जागी गुलाबी.

मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात आणि गोव्यात तेव्हा बिर्ला एटी अँड टी होती. टाटा त्यात आल्यावर तिन्ही नावांची मोट बांधून लोक तिला ‘बटाटा’ म्हणू लागले. २००२ साली तिचं ‘आयडिया’ झालं, ते बरंच झालं.

फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनने ‘हच’ चालवणाऱ्या हचिसन एस्सारमधला ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला आणि २१ सप्टेंबरपासून देशभर एकदमच पाट्या बदलल्या. खरी हुशारी होती ती जाहिरातीत. हचच्या जाहिरातीतला पग जातीचा कुत्रा तोवर घराघरात ओळखीचा झाला होता. ओगिल्व्ही या जाहिरात कंपनीने त्याला काढून टाकलं नाही. तो गुलाबी घरातून बाहेर पडतो, फिरून येतो आणि परत येतो तेव्हा घर लाल झालेलं असतं. तो निवांत आत शिरतो. नंबर तोच, दुकान तेच, कुत्राही तोच, मग ग्राहकाने बिथरायचं कशाला? नव्या मालकाने जुन्या मालकाची पुण्याई इतक्या सहजपणे आपल्या खात्यावर वळती केल्याचं उदाहरण आपल्याकडे विरळाच. २००९ च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनच्या जाहिरातींत झूझू आले तेव्हा हचची आठवण काढायचं कारणच उरलं नव्हतं. झूझू म्हणजे ॲनिमेशन नव्हे, पांढरे पोशाख चढवलेली माणसं!

त्याच वर्षी मुंबईतल्या बीपीएल मोबाइलनेही नाव बदलून ‘लूप’ केलं. २०१४ मध्ये परवान्याची मुदत संपली आणि सेवाच बंद पडली.

‘व्ही’ची वेळही अशीच वाईट होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दर कोसळले. त्या रेट्याखाली ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या, तेव्हा दोघींचे मिळून ४० कोटींवर ग्राहक होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एजीआर थकबाकीचा (ठरावीक महसुलावर मोजून सरकारला द्यायच्या शुल्काचा) निकाल विरोधात गेला. ती फेडायला सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२० रोजी दहा वर्षांची मुदत दिली आणि ७ तारखेला एकत्र कंपनीच्या नव्या नावाचं, ‘व्ही’चं, अनावरण झालं. तोवर दहा कोटींहून जास्त ग्राहक गेलेले होते. राहिलेल्यांची तक्रार रेंजची होती, नावाची नव्हती, आणि टॉवर उभारायला लागणारा पैसा लोगोतून येत नाही. २०२५ मध्ये ग्राहक २० कोटींच्या खाली आले. त्याच वर्षी स्पेक्ट्रम लिलावाच्या थकबाकीच्या बदल्यात शेअर घेऊन केंद्र सरकार जवळपास ४९ टक्क्यांचं भागीदार झालं. या खेपेला पाटी मात्र कोणी बदलली नाही.