जिवाणूंमधील जड धातू-प्रतिकारक्षमता
(सांडपाणी शुद्धीकरणातील)

जस्त, तांबे, निकेल, क्रोमियम, कॅडमियम, पारा हे धातू किंवा आर्सेनिक पाण्यात विषारी प्रमाणात असतानाही तग धरून वाढण्याची जिवाणूंची क्षमता. मलजल शुद्धीकरण केंद्रातील सेंद्रिय घाण जिवाणूच खातात. धातूंनी ते मेले की केंद्र नावापुरते उरते.

नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींलगत वाहणारी नासर्डी (नंदिनी) पुढे आगर टाकळीजवळ गोदावरीला मिळते. इलेक्ट्रोप्लेटिंगनंतर (विजेने धातूचा मुलामा दिल्यावर) सुटे भाग धुतलेल्या पाण्यात निकेल, जस्त व षट्संयुजी क्रोमियम (सहा संयुजेचे, अधिक विषारी रूप) असते. त्यावर कारखान्यातच रासायनिक प्रक्रिया व्हायला हवी, कारण घरगुती सांडपाण्यासाठी बांधलेली केंद्रे या पाण्यासाठी नाहीत. नदीनाल्यांत सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. द्राक्षबागांत बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी वापरलेल्या मोरचुदातले तांबेही मातीत साठत जाते आणि तिथे तांबे सोसणारेच जिवाणू टिकतात.

प्रतिकाराच्या तऱ्हा अनेक आहेत. या अभ्यासात नेहमी पुढे येणारा ‘कुप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरान्स’ हा जिवाणू १९७६ मध्ये बेल्जियममधील जस्त कारखान्याच्या गाळटाकीत सापडला. त्याच्या आवरणातील प्रथिनांचा पंप कोबाल्ट, जस्त व कॅडमियम पेशीबाहेर फेकतो. या पंपाची जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-वलयावर असतात. काही जिवाणू मर्क्युरिक रिडक्टेज या विकराने पाण्यातील पाऱ्याचे आयन धातुरूप पाऱ्यात बदलतात आणि तो वाफ होऊन उडतो. काही धातूला पेशीतील प्रथिनांत किंवा पेशीबाहेरच्या चिकट थरात बांधून ठेवतात.

पाणी शुद्ध करणाऱ्याच्या दृष्टीने या तऱ्हा सारख्या नाहीत, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. पंप असलेला जिवाणू स्वतः वाचतो, धातू मात्र पुन्हा पाण्यातच येतो. उडालेला पारा पकडला नाही तर हवेत जातो. खरा उपयोग धातू बांधणाऱ्या व त्याचे रूप बदलून तो गाळात बसवणाऱ्या जिवाणूंचा. षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम झाले की त्याची विषारिता व विद्राव्यता दोन्ही घटतात आणि ते गाळात बसते. ऑक्सिजनविरहित टाकीत ‘डिसल्फोव्हिब्रिओ’सारखे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्यामुळे जस्त, तांबे, कॅडमियम यांची न विरघळणारी सल्फाइडे तळाशी जातात.

सेंद्रिय घाणीसारखा धातू कुजून संपत नाही. पाण्यातून गेलेला धातू गाळात असतोच, म्हणून तो गाळ खत म्हणून शेतात टाकण्यापूर्वी त्याची तपासणी अनिवार्य मानली पाहिजे.

प्रतिकारक्षमतेची दुसरी बाजू आरोग्याची आहे. ‘टीएन२१’ या स्थान बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यावर पारारोधक जनुके स्ट्रेप्टोमायसिन व सल्फा औषधांना दाद न देणाऱ्या जनुकांसोबतच असतात. त्यामुळे पाण्यात प्रतिजैविक नसले तरी नुसत्या पाऱ्याच्या दाबाखाली औषधरोधी जिवाणू टिकून राहतात, आणि असे तुकडे प्लाझ्मिडांवाटे शेजारच्या जातींतही जातात.