नामसंघर्ष (चल व फलन)

संगणकाच्या आज्ञावलीत (प्रोग्राममध्ये) एकाच व्याप्तीतील, म्हणजे नाव जिथवर लागू असते त्या एकाच भागातील, चल (व्हेरिएबल, मूल्य धारण करणारे नाव) आणि फलन (फंक्शन, नाव दिलेली क्रिया) यांना एकच नाव पडले असता त्या नावाचा अर्थ कोणता धरायचा, हा प्रश्न. मराठीभाषकाला तो सहज उमगतो, कारण ‘बेरीज’ हा शब्द क्रियेलाही लागतो आणि तिच्यातून आलेल्या आकड्यालाही. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एखाद्या गणेशोत्सव मंडळाच्या वहीत ‘बेरीज करा’ आणि ‘बेरीज १,८५२’ शेजारी-शेजारी असली, तरी खजिनदार घोटाळत नाही. यंत्राला नियम लागतो.

पायथॉन या संगणकभाषेत दोहोंसाठी नावांचे कोष्टक एकच असते. पायथॉन ३ ला देवनागरी नावेही चालतात. ‘बेरीज’ हे फलन लिहून ५०१, २५१ व १,१०० या वर्गण्यांवर ‘बेरीज = बेरीज(वर्गणी)’ ही ओळ चालवली, की उत्तर १,८५२ बरोबर येते; पण नाव आता पूर्णांकाला चिकटलेले असते. दुसऱ्या दिवशीच्या वर्गणीसाठी तीच ओळ पुन्हा चालवली, तर ‘पूर्णांकाला फलनासारखे बोलावता येत नाही’ या अर्थाची त्रुटी मिळते. हीच ओळ दुसऱ्या फलनाच्या आत असेल, तर ती पहिल्याच वेळी अडते: आत मूल्य दिल्यामुळे ते नाव तिथे स्थानिक, म्हणजे त्या फलनापुरतेच, ठरते आणि वापराच्या क्षणी त्याला मूल्यच नसते.

या प्रश्नाचा जुना धागा लिस्प या संगणकभाषेपर्यंत जातो. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ च्या सुमारास आरंभलेल्या या भाषेच्या १.५ आवृत्तीत (पुस्तिका १९६२) प्रत्येक चिन्हाला (सिंबल, म्हणजे नावाला) गुणधर्मांची यादी असे. तीत मूल्य व फलन निरनिराळ्या खुणांखाली नोंदले जात. यामागे तत्त्व पाहता येते, तशीच अंमलबजावणीची सोयही. दुसरा अन्वय अधिक ग्राह्य वाटतो. लिस्पच्या पुढच्या रूपांपैकी सस्मन व स्टील यांच्या स्कीमने (१९७५) दोन्ही एकत्र केले, तर कॉमन लिस्पने (१९८४) वेगळे ठेवले. रिचर्ड गॅब्रिएल व केंट पिटमन यांच्या १९८८ च्या निबंधात ‘लिस्प-१’ (एकत्र) व ‘लिस्प-२’ (वेगळे) या नावांनी या दोन पक्षांची तुलना आहे. मॅक्रोच्या (आज्ञावलीचा मजकूर आपोआप तयार करणाऱ्या साच्याच्या) विस्तारातून आलेले फलनाचे नाव वापरणाऱ्याच्या चलाखाली झाकले जाऊ नये, हा विभाजनाच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे.

सी भाषेत एकाच व्याप्तीतला असा संघर्ष संकलनाच्या (कंपाइल होण्याच्या) वेळीच अडतो. जावात पद्धती (मेथड, म्हणजे तिथली फलने) व चले यांची नावे स्वतंत्र असतात. पीएचपीत चलाआधीचे डॉलरचिन्ह ती वेगळी ठेवते. इतरत्र फलनाला क्रियापद व चलाला नाम देण्याचा प्रघात आहे, जसे ‘बेरीज_कर’ व ‘एकूण’.