सान रोमान चर्च, तोलेदो

स्पेनच्या मध्यभागी, ताहो नदीच्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेल्या तोलेदो शहरातील एक लहान ऐतिहासिक चर्च. त्याचे पवित्रीकरण १२२१ मध्ये झाले. दालनांची बांधणी मुदेहार शैलीची असून वेदीकक्ष सोळाव्या शतकातील प्रबोधनकालीन शैलीचा आहे. १९७१ पासून या वास्तूत व्हिसिगॉथ काळातील (अरबांच्या आधी स्पेनवर राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांच्या काळातील) धर्मपरिषदा आणि संस्कृती यांना वाहिलेले संग्रहालय आहे. तोलेदोचे जुने शहर १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्या शहरात येणारे बहुतेक प्रवासी भव्य कॅथीड्रल पाहून परततात. चढावरच्या या लहान चर्चकडे वळणारे थोडे असतात. पण तोलेदोचा इतिहास एकाच छपराखाली वाचायचा असेल, तर त्यासाठी सान रोमानइतकी सोयीची दुसरी जागा शहरात क्वचितच असेल.

मुदेहार हा शब्द ‘मुदज्जन’ या अरबी शब्दावरून आला. त्याचा अर्थ ‘राहू दिलेला’, ‘अंकित’ असा होतो. ख्रिस्ती राजांनी जिंकलेल्या मुलखात आपला धर्म आणि कायदा सांभाळून, कर भरून राहणाऱ्या मुसलमानांना हे नाव होते. कास्तिलचा राजा सहावा आल्फोन्सो याने १०८५ मध्ये तोलेदो घेतले, तेव्हा शहरात मुसलमान, ज्यू आणि मोसाराब असे तिन्ही समाज होते. मोसाराब म्हणजे मुस्लिम राजवटीत पिढ्यान्‌पिढ्या राहून अरबी बोलू लागलेले ख्रिस्ती. राज्य बदलले तरी गवंडी, सुतार आणि चुनेगच्चीचे कारागीर तेच राहिले, आणि नव्या चर्चची कामेही त्यांच्याच परंपरेतून झाली. वास्तुशैलीचे नाव म्हणून मुदेहार हा शब्द मात्र बराच अलीकडचा आहे. होसे आमादोर दे लोस रिओस या अभ्यासकाने १८५९ मध्ये माद्रिदच्या ललित कला अकादमीत केलेल्या भाषणात तो प्रथम त्या अर्थाने मांडला. या नावामुळे मुदेहार इमारती केवळ मुसलमान कारागिरांनीच बांधल्या असा समज होतो, तो बरोबर नाही. वीट, चुना, लाकूड आणि चिनी मातीच्या फरश्या हाताळण्याची ती एक पद्धत होती, आणि ती सर्व धर्मांच्या कारागिरांनी आत्मसात केली होती.

या पद्धतीची तोलेदोतील खूण भिंतीतच दिसते. ओबडधोबड दगडांच्या थरांना विटांच्या आडव्या पट्ट्यांनी बांधून घ्यायचे आणि कोपरे व कमानी विटांत काढायच्या, अशी ही बांधणी आहे. घडीव दगडापेक्षा ती स्वस्त पडते, लवकर उभी राहते आणि नक्षीसाठी विटेचाच उपयोग होतो. सान रोमानचा चौरस मनोरा हा या कामाचा उत्तम नमुना होय. त्याचा खालचा भाग जवळजवळ कोरा आहे. वर जाताना भिंतीत कोरलेल्या आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, कमानींच्या रांगा आणि त्यांवर घंटांसाठी सोडलेल्या खिडक्या दिसतात. मूळ बांधणीत मनोरा चर्चपासून सुटा उभा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे मशिदीच्या मिनाराशी असलेले त्याचे नाते लपत नाही. जवळच्या सान्तो तोमे चर्चचा मनोराही याच घराण्यातला आहे.

मनोऱ्याशी एक राजकीय आठवण निगडित आहे. कास्तिलचा आठवा आल्फोन्सो हा ११५८ साली वयाच्या तिसऱ्या वर्षी राजा झाला, आणि त्याच्या ताब्यासाठी लारा व कास्त्रो या दोन बलाढ्य घराण्यांत वर्षानुवर्षे झगडा चालला. ११६६ मध्ये तोलेदोतील मातब्बर सरदार एस्तेबान इयान याने बालराजाला गुप्तपणे शहरात आणून सान रोमानच्या मनोऱ्यावरून त्याच्या नावाची द्वाही फिरवली, असे परंपरा सांगते. इयान मोसाराब घराण्यातला होता. आजचा मनोरा त्या घटनेनंतरचा मानला जातो, पण हे ठिकाण शहराच्या उंचवट्यावर असल्याने घोषणेसाठी तेच का निवडले गेले असेल हे तिथे उभे राहिल्यावर सहज पटते.

चर्चचे पवित्रीकरण करणारे आर्चबिशप रोद्रिगो हिमेनेस दे रादा हे त्या काळातील मोठे विद्वान आणि तितकेच मोठे राजकारणी होते. १२१२ च्या लास नावास दे तोलोसाच्या लढाईत ते ख्रिस्ती सैन्याबरोबर होते, आणि अरबांचा इतिहासही त्यांनी लॅटिनमध्ये लिहिला. नालाकृती कमानींच्या या चर्चला त्यांनी १२२१ मध्ये पवित्र केले आणि पाचच वर्षांनी, १२२६ मध्ये, तोलेदोच्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला तो फ्रेंच गॉथिक वळणाचा. मोहल्ल्यातल्या चर्चला गावचे गवंडीकाम आणि आर्चबिशपच्या गादीला परदेशी घडीव दगड, असा हा फरक दिसतो. तो केवळ पैशांचा नव्हता, प्रतिष्ठेचाही होता. तरीही कॅथीड्रलच्या आत, वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गावरील वरच्या कमानींत मुदेहार वळण शिरलेच. स्थानिक हात कुठे ना कुठे उमटल्यावाचून राहिला नाही.

सान रोमानच्या आत मधले दालन आणि दोन्ही बाजूंची दालने अशी तिहेरी रचना आहे. त्यांना विभागणाऱ्या कमानी अश्वनालाकृती आहेत. मराठी वाचकाला हा शब्द अजिंठा, कार्ले येथील चैत्यगवाक्षांमुळे परिचित आहे. पण तेथील गवाक्ष पिंपळपानासारखे वर निमुळते होते, तर इथली कमान अर्धवर्तुळ पूर्ण झाल्यावरही खाली उतरत आत वळते आणि तिचे तोंड पोटापेक्षा अरुंद राहते. हा आकार अरबांनी स्पेनमध्ये आणला असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक व्हिसिगॉथ राजवटीतील चर्चमध्ये तो आधीच होता. सातव्या शतकातील सान हुआन दे बान्योस हे त्याचे ठळक उदाहरण. कॉर्दोबाच्या मशिदीने त्याला नवा डौल दिला आणि तिथून तो तोलेदोत परतला. सान रोमानमध्ये प्रत्येक कमानीभोवती आयताकृती चौकट आहे, आणि कमानींच्या वरच्या भिंतीत बहुपाकळी कमानींच्या छोट्या खिडक्या आहेत. दाराशी उभे राहून पाहिले तर क्षणभर आपण मशिदीत आलो असे वाटते.

कमानी ज्या स्तंभांवर टेकल्या आहेत त्यांची शीर्षे एकसारखी नाहीत. कुठे रोमन काळातील पानांची नक्षी, कुठे व्हिसिगॉथ कारागिराने तिचीच केलेली चपटी, कठोर आवृत्ती. पडक्या इमारतींतले घडीव दगड उचलून नव्या कामात वापरण्याची रीत जुनी, आणि त्यामागे काटकसर होतीच. पण व्हिसिगॉथ राजांची राजधानी असलेल्या शहरात ख्रिस्ती चर्चसाठी तेच स्तंभ निवडण्यात आपल्या पूर्वीच्या राज्याशी नाते सांगण्याचा भावही असावा, असे मानायला जागा आहे. कारण कास्तिलचे राजे आपल्या विजयांना नवे राज्य म्हणत नसत. व्हिसिगॉथांचे गेलेले राज्य परत मिळवणे असे म्हणत.

भिंतींवरील तेराव्या शतकातील चित्रे हे या चर्चचे सर्वांत मोठे वैभव. ती चुन्याच्या थरांखाली दडली होती आणि विसाव्या शतकातील दुरुस्तीच्या कामात उजेडात आली. अंतिम न्यायाच्या दिवशी थडग्यांची झाकणे सारून उठणारे मृत, शुभवर्तमानकार, संत आणि बिशप यांच्या आकृती तांबड्या, पिवळ्या आणि काळ्या रंगांत जाड रेषांनी काढल्या आहेत. त्यांचे डोळे मोठे आणि अंग ताठ आहे. ही रोमनेस्क चित्रकला आहे आणि तिचा उगम पिरेनिस पर्वताच्या पलीकडे शोधावा लागतो. कमानींच्या कडांवर मात्र कॉर्दोबाच्या मशिदीतल्यासारखे तांबडे-पांढरे पट्टे रंगवले आहेत. काही लेख लॅटिनमध्ये आहेत, आणि खिडक्यांभोवती अरबी अक्षरांच्या पट्ट्या आहेत.

या अरबी अक्षरांकडे पाहणारे हमखास थबकतात. त्यांत कुराणातील वचने नाहीत. ‘सुख आणि भरभराट’ अशा अर्थाच्या शुभेच्छा पुन:पुन्हा गुंफल्या आहेत, ज्या त्या काळच्या कापडांवर आणि भांड्यांवरही असत. अरबी ही इस्लामची भाषा आणि म्हणून चर्चमध्ये परकी, असे तेराव्या शतकातील तोलेदोकराला वाटण्याचे कारण नव्हते. ख्रिस्ती मोसाराब कुटुंबांचे खरेदीखत आणि मृत्युपत्र शंभराहून अधिक वर्षे अरबीतच लिहिले जात होते. धर्म आणि भाषा यांची आपण आज मनात घालतो ती सांगड त्या शहरात तशी नव्हती. या पट्ट्या त्याचा भिंतीवरचा पुरावा आहेत, आणि कोणताही मार्गदर्शक देईल त्या स्पष्टीकरणापेक्षा तो बोलका आहे.

मधल्या दालनाच्या टोकाला गेले की काळ एकदम तीनशे वर्षे पुढे सरकतो. सोळाव्या शतकाच्या मध्याला जुना वेदीकक्ष पाडून त्या जागी आलोन्सो दे कोवारुबियास याने नवा उभारला. कोवारुबियास (१४८८–१५७०) हा १५३४ पासून तोलेदोच्या कॅथीड्रलचा मुख्य वास्तुकार होता; आल्कासार किल्ला, तावेरा रुग्णालय आणि बिसाग्रा वेस यांच्याशी त्याचे नाव जोडले जाते. सान रोमानमध्ये त्याने घुमट, रोमन धर्तीच्या कमानी आणि कोरीव अलंकरण यांनी जागेचे प्रमाणच बदलले. या अलंकरणाला प्लातेरेस्क म्हणतात. प्लातेरो म्हणजे चांदीकाम करणारा सोनार. दगड आणि चुनेगच्ची यांवर त्याच्या छिन्नीसारखे नाजूक काम केले म्हणून हे नाव पडले. गुंडाळी, पाने, मुखवटे यांची ही रेलचेल इटालियन आहे, पण पृष्ठभाग नक्षीने भरून टाकण्याची हौस स्पेनची. चर्चच्या शेजारच्याच सान क्लेमेन्ते मठाचे प्रवेशद्वारही कोवारुबियासच्या कामाचे मानले जाते, म्हणून दोन्ही एकाच फेरीत पाहणे योग्य.

दोन्ही भागांच्या मधल्या तीन शतकांत स्पेनमधील सहजीवन संपले होते. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढले गेले आणि १५०२ मध्ये कास्तिलच्या मुसलमानांना धर्मांतर किंवा देशत्याग यांतून एक निवडावे लागले. कायद्याच्या भाषेत तेव्हा एकही मुदेहार उरला नाही. म्हणजे ज्या काळात कोवारुबियासने आपला घुमट बांधला, त्या काळात मागच्या दालनाचा अर्थ सांगणारा समाज शहरात उघडपणे नव्हता. तरीही त्याने मागचे दालन पाडले नाही, की त्याच्या कमानींवर नवी नक्षी चढवली नाही. हे आदरामुळे घडले की पैशांच्या मर्यादेमुळे, यावर निर्णय देणे कठीण असले, तरी त्यामुळे दोन्ही शैली एकमेकींना न झाकता शेजारी उभ्या आहेत. जिथे नालाकृती कमानींची रांग संपून मोठी अर्धवर्तुळाकार कमान सुरू होते, तो जोड या चर्चचा सर्वांत वाचनीय भाग आहे. आकार, उजेड, दगडाची घडण, सारे तिथे बदलते.

चर्चमधील संग्रहालय तोलेदोच्या सान्ता क्रूस संग्रहालयाच्या अखत्यारीत आहे. विषयाची निवड समर्पक आहे, कारण व्हिसिगॉथ काळात तोलेदो ही धर्मपरिषदांची नगरी होती. ५८९ मध्ये भरलेल्या तिसऱ्या परिषदेत राजा रेकारेदो याने आरियन पंथ (ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणारा ख्रिस्ती पंथ) सोडून कॅथलिक पंथ स्वीकारल्याची घोषणा झाली. संग्रहात कोरीव दगड, दागिने आणि ग्वारासारच्या प्रसिद्ध मुकुटांच्या प्रतिकृती आहेत. रत्नजडित सोन्याचे हे मुकुट राजांनी देवाला अर्पण केलेले, साखळीने टांगायचे असत. १८५८ मध्ये तोलेदोजवळ ग्वादामूर गावाच्या परिसरात ते सापडले. मूळ मुकुट माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आणि पॅरिसमध्ये आहेत. काचेच्या कपाटात ठेवलेली व्हिसिगॉथ स्तंभशीर्षे पाहून लगेच वर नजर टाकावी; त्यांचीच भावंडे आठशे वर्षे कमानींचा भार वाहत आहेत. एखादी वस्तू संग्रहालयात आणि कामावर एकाच वेळी पाहण्याचा योग फार थोड्या ठिकाणी येतो.

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून जलद रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास तोलेदो गाठता येते. तोलेदोचे १९१९ चे स्थानकही नव-मुदेहार शैलीत बांधलेले आहे; जुन्या कारागिरीची आठवण विसाव्या शतकाने विटांत आणि रंगीत फरश्यांत कशी काढली, हे तिथेच पाहायला मिळते. जुन्या शहरात वाहनांपेक्षा पायीच फिरावे लागते, आणि चढ तीव्र आहेत. त्याच रेकारेदो राजाच्या नावाच्या रस्त्यावरून सरकते जिने वर नेतात, तिथून अरुंद गल्ल्यांतून चर्चपर्यंत चालत जाता येते. जवळच असलेल्या जेझुइटांच्या सान इल्देफोन्सो चर्चच्या मनोऱ्यांवरून सान रोमानचा विटांचा मनोरा छपरांच्या गर्दीत ओळखता येतो. आत गेल्यावर प्रथम दाराजवळून कमानींची रांग पाहावी, मग बाजूच्या दालनांतून चित्रे पाहावीत आणि शेवटी घुमटाखाली उभे राहून मागे वळावे. वेदीकडून दिसणारे मुदेहार दालन हेच या चर्चचे खरे दर्शन आहे, आणि अंतिम न्यायाच्या भिंतीवरचे मृत त्याच कोनातून पाहणाऱ्याकडे मान वळवून उठताना दिसतात.