अँटिबॉडी उतरल्या म्हणजे लस वाया गेली?

कोव्हिशील्ड ज्या पुण्यात बनली, तिथेही हा समज अजून टिकून आहे: अँटिबॉडीचा आकडा उतरला की लशीचं काम संपलं. परवा शेजारच्या काकूंनी रिपोर्ट पुढे केला, चेहरा पडलेला. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरतात, त्यात बिघाड काही नाही. लशीमुळे टी-पेशीही, म्हणजे विषाणू ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होतात, आणि त्या अँटिबॉडीच्या चाचणीत दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी एलिस्पॉट नावाची वेगळी चाचणी असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवंत वेगळ्या काढतात, बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये विषाणूच्या प्रथिनाच्या तुकड्यांसोबत ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. ज्या पेशीला ओळख पटते ती इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते. पेशी धुऊन रंग दिला की तिच्या जागी ठिपका उमटतो. ते ठिपके मोजायचे. पेशी जिवंत हव्यात, म्हणून नमुना वेळेत पोचावा लागतो. कोपऱ्यावरच्या प्रत्येक लॅबला हे जमणारं नाही.

२००३ मध्ये सार्स (कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूचा आजार) झालेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही अशा टी-पेशी सापडल्या. मात्र इतके ठिपके म्हणजे सुरक्षित, असा आकडा ठरलेला नाही. त्यामुळे काकूंना म्हटलं, ही चाचणीसुद्धा हौसेने करू नका.