क्लाइने शायडेगला गाडी का बदलावी लागते

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनहून युंगफ्राउ शिखराखालच्या युंगफ्राउयोख खिंडीला जुन्या मार्गाने निघालं की तीन गाड्या लागतात. पहिली लाउटरब्रुनेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत, दुसरी तिथून क्लाइने शायडेगला, तिसरी थेट खिंडीत ३४५४ मीटरवर. सहलीच्या गडबडीत ही चढउतार निसर्गदर्शनात खपून जाते. कारण मात्र रुळांत आहे.

खालचा मार्ग १८९० चा, १००० मिमी गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). मधला १८९३ चा, ८०० मिमीचा. वरचा १८९६ मध्ये खोदायला घेतला, तो पुन्हा १००० मिमीचा. दातेरी रुळांच्या, म्हणजे रुळांमधल्या दातेरी पट्टीत दातेरी चाक अडकवून चढणाऱ्या, डोंगरी गाड्यांसाठी त्या वर्षांत तिकडे ८०० मिमीची चलती होती: ब्रिएन्झ रोटहॉर्न, शिनिगे प्लाटे, मोंते जेनेरोसो, सगळ्या त्याच मापाच्या. रूळ जवळ आले की वळण आवळून घेता येतं आणि डोंगर कमी कापावा लागतो. माथेरानची दोन फुटी गाडी याच हिशेबातली, फक्त तिला दात नाहीत.

वरच्या मार्गाने मधल्याचं माप उचललं असतं तर शायडेगचा बदल टळला असता, हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे. पण गेज जुळूनही वीज जुळली नसती. खालचे दोन्ही मार्ग आता १५०० व्होल्ट डीसीवर चालतात. वरचा सुरुवातीपासून थ्री-फेज एसी विजेवर: डोक्यावर दोन तारा, तिसरा फेज रुळांतून. या मोटारींचा वेग पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीने बांधलेला असतो. उतारावर गाडी त्यापुढे जाऊ लागली की मोटार जनित्र बनते, गाडीला रोखते आणि वीज तारेत परत देते. १:४ च्या उतारावर ही सोय सोडायला कोण तयार होईल?

मधला मार्ग तर स्वतःशीही जुळत नाही. लाउटरब्रुनेनकडून आलेली गाडी सहसा ग्रिंडेलवाल्डकडे पुढे जात नाही. जोडणी तुटली तर डबा दरीकडे निसटू नये म्हणून मोटारडबा कायम उताराच्या बाजूला ठेवायचा, असा नियम. शायडेग पडलं माथ्यावर, तिथून दोन्हीकडे उतारच. सरळ पुढे नेली तर गाडी उलटी ठरते. ती फिरवायला डोंगरात बोगद्यातून त्रिकोणी रूळ टाकलेत.

वरच्या मार्गाची मूळ कल्पना थेट युंगफ्राउच्या शिखरापर्यंत जाण्याची होती, शेवटच्या टप्प्यात लिफ्ट धरून. काम सात वर्षांचं धरलं होतं, लागली सोळा. प्रवर्तक उद्योगपती १८९९ मध्येच गेले. १९०८ मध्ये बोगद्यातल्या साठ्यातलं ३० टन डायनामाइट उडालं. पैसे आटले आणि १ ऑगस्ट १९१२ ला खिंडीतच 'शेवटचं स्थानक' जाहीर झालं. बोगद्यातल्या आइसमेर स्थानकापुढचा टप्पा कमी चढाचा, म्हणून तो आधी बिनदाती होता. दातेरी पट्टी तिथे १९५० च्या दशकात आली.

खरा वाद अलीकडचा. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डच्या नव्या स्थानकातून वरच्या मार्गावरच्या आयगरग्लेचर स्थानकाला पंधरा मिनिटांत नेणारी रोपवे सुरू आहे. आयगर शिखराच्या उत्तर कड्यासमोरून दोर नेण्याला, आणि खालच्या कुरणांवरून जाण्याच्या परवानगीला, बराच विरोध झाला. क्लाइने शायडेग टळतं, तेवढाच रेल्वेप्रेमींचा शोक.

आपल्याकडे सगळ्यालाच 'केबल कार' म्हणतात, तिथे घोटाळा होतो. सप्तशृंगीची ट्रॉली फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी, पण रुळांवर चालणारी. लाउटरब्रुनेनहून ग्रुत्शआल्पला जाणारीही २००६ पर्यंत तीच होती, मग हवेतली झाली. वेंगेन–मेनलिखेनला दोनच पाळणे, एक वर तर दुसरा खाली; एक अडला की दुसराही थांबतो आणि रांग लांबते. आयगरवाल्या रोपवेत २६ जणांचा डबा दोन स्थिर दोरांवर चाकांनी धावतो, तिसरा दोर ओढतो. स्थानकात पकड सुटते आणि डबा संथ होतो. दोन आधारदोरांमुळे वारा जास्त सोसतो.

वेळ वाचला, पण साधारण पाऊण तासात अडीच हजार मीटर चढ होतो. वर पोचल्यावर डोकं जड वाटलं तर पायऱ्या हळू चढाव्यात, पाणी प्यावं. ते न थांबल्यास पुढच्या गाडीने खाली यावं.