कलाशिक्षणाचा तौलनिक अभ्यास

चित्रकला, संगीत, नृत्य, नाट्य हे विषय मुलांना कुणी, किती वेळ आणि कशासाठी शिकवायचे, याविषयीची निरनिराळ्या देशांची धोरणे, त्यांची प्रत्यक्ष अंमलबजावणी आणि त्यांवरील संशोधन शेजारीशेजारी ठेवून पाहणारी अभ्यासशाखा. दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोच्या पाठबळाने १९५३ मध्ये संगीतशिक्षणाची आणि १९५४ मध्ये दृश्यकलाशिक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली; तेव्हापासून या शाखेला बैठक मिळाली. पुढे युनेस्कोच्या लिस्बन (२००६) आणि सोल (२०१०) येथील जागतिक परिषदांनी सदस्यदेशांपुढे उद्दिष्टे ठेवली, तर अबू धाबी येथे २०२४ मध्ये संस्कृती व कलाशिक्षणाचा नवा आराखडा स्वीकारला गेला. हे दस्तऐवज देशांवर बंधनकारक नाहीत.

तुलनेची पहिली अडचण ‘देश’ हे एकक धरण्यातच आहे. जर्मनीत शिक्षण हा सोळा घटकराज्यांचा विषय असल्याने कलाशिक्षणाचे एकच राष्ट्रीय वेळापत्रक तेथे सापडत नाही; इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम स्कॉटलंडला लागू नाही. युरोपीय संघाच्या युरिडिस या शिक्षणविषयक माहिती जमवणाऱ्या जाळ्याने २००९ मध्ये तीस देशांची पाहणी केली. चित्रकला व संगीत शाळांत जवळपास सर्वत्र सक्तीचे आढळले. नाट्य मात्र बहुधा भाषेच्या तासात आणि नृत्य शारीरिक शिक्षणात सामावलेले होते. म्हणजे नुसत्या तासिका मोजल्या, तर नृत्य शिकणारी मुलेही नोंदीतून निसटतात. फिनलंडमध्ये १९९८ च्या कायद्यानुसार शाळेबाहेर पायरीपायरीने चालणारे कलाशिक्षण आहे आणि त्याला सरकारी अनुदान मिळते. शालेय वेळापत्रकावरून फिनलंडला जोखणारा अभ्यास म्हणूनच अपुरा ठरतो. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये कलाशिक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला आणि कलावंतांना शाळांत पाठवण्याची व्यवस्था राबवली. तेथे तर वर्गात शिकवणारा नेमका कोण, हाच प्रश्न तुलनेत महत्त्वाचा होतो.

तौलनिक दृष्टीचा खरा कस लागतो तो कलेच्या ‘फायद्यां’च्या दाव्यांवर. अमेरिकेत माध्यमिक शाळेत कलाविषय अधिक घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे महाविद्यालयीन प्रवेशचाचणीतील गुण सरासरीने अधिक असतात. हा आकडा कलेच्या बाजूने वर्षानुवर्षे पुढे केला गेला. ब्रिटनमधील आकडेवारी मात्र नेमकी उलट दिसली : कलाविषय अधिक घेणाऱ्यांची परीक्षेतील कामगिरी कमी. कलेचा परिणाम समुद्र ओलांडताच उलटा होणे शक्य नाही. फरक आहे तो ती निवडणाऱ्या मुलांत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलन विनर व सहकाऱ्यांनी दिलेले स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. अमेरिकेतील नामवंत महाविद्यालये प्रवेश देताना कलेतील गतीला मान देतात, त्यामुळे महत्त्वाकांक्षी विद्यार्थी तिकडे वळतात. ब्रिटनमध्ये अभ्यासात मागे पडलेल्यांना कलाविषय घेण्याचा सल्ला दिला जाई. एकाच देशातील आकड्यांकडे पाहणाऱ्याला हे कळले नसते, आणि या शाखेची गरज याहून चांगली कशानेही सिद्ध होत नाही.

विनर यांच्याच सहलेखनाने आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) २०१३ मध्ये काढलेल्या आढाव्यात पुरावे काटेकोरपणे चाळले आहेत. संगीतशिक्षणामुळे ध्वनींची जाण व शब्दवाचन सुधारते आणि वर्गात कथा अभिनयाने सादर केल्यास भाषिक कौशल्ये वाढतात, असे मानण्यास आधार मिळाला. चित्रकलेमुळे इतर विषयांत गुण वाढतात, याला मात्र भक्कम आधार नाही. कला ही कलेसाठीच अभ्यासक्रमात असावी, असा या आढाव्याचा कौल आहे. धोरणकर्त्यांना तो गैरसोयीचा वाटतो, कारण अंदाजपत्रक मांडताना गणिताच्या गुणांचा दाखला सोपा पडतो. पण ज्या दाव्याला आधार नाही त्यावर उभा केलेला विषय तो दावा पडताच वेळापत्रकातून जातो.

पिसा या ओईसीडीच्याच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-चाचणीच्या २०२२ च्या फेरीत साठहून अधिक देश-प्रदेशांतील पंधरा वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारांची चाचणी झाली आणि सिंगापूर पहिले आले. तिच्यात लेखन व दृश्य अभिव्यक्तीबरोबर सामाजिक आणि वैज्ञानिक प्रश्नांची उकलही होती. संगीत, नृत्य वा नाट्य तिने तपासले नाही, त्यामुळे तिची क्रमवारी कलाशिक्षणाची क्रमवारी म्हणून वापरता येत नाही.